महागूभाऊ दात पाहतात

महागूभाऊ कोणालाही भेटले की आधी दात पाहतात, मग रामराम करतात.

मूल गावच्या बैलबाजाराला लागून माझं चहाचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे काय, एक भट्टी, चार बाकडी आणि भज्यांची कढई. महागूभाऊंनी उभा जन्म याच बाजारात बैलांची दलाली केली. बैलाचं वय खालच्या दातांवरून सांगतात. दोन आले, चार आले, सहा आले, आठही आले की बैल जुळला. पुढं मग दात किती झिजले ते पाहायचं. हे करता करता भाऊंना अशी खोड लागली की समोर बैल आहे की बँकेचा मॅनेजर, यात त्यांना काही फरकच वाटेना.

मॅनेजरचं खरंच झालं. नवीन साहेब चहा प्यायला आले. भाऊ त्यांच्यापुढं जाऊन बसले आणि म्हणाले, "साहेब, जरा आ करा जी."

साहेब बिचारे पुण्याकडचे. त्यांना वाटलं, इथली पद्धत असेल. त्यांनी आ केला. भाऊंनी अंगठ्यानं त्यांचा खालचा ओठ दाबला, आत डोकावले आणि सांगितलं, "चव्वेचाळीस. पन चारा चांगला भेटला."

साहेब माझ्या हॉटेलात परत आले नाहीत. वय मात्र बरोबर निघालं, त्यांच्या शिपायानंच सांगितलं.

माझ्या मेव्हण्याच्या पोरीला पाहायला पाव्हणे आले, तेव्हा मीच मूर्खासारखं भाऊंना सोबत नेलं. पोराचा बाप म्हणे, मुलगा अठ्ठावीसचा. भाऊ उठले, पोराच्या हनुवटीला हात लावला, आणि भरल्या बैठकीत म्हणाले, "तीस कवाच ओलांडली. तोंड खोटं बोलते, दात नाई बोलत." सोयरीक तिथंच मोडली. मेव्हणा अजून मला बोलतो, भाऊंना नाही बोलत. त्यांच्या शब्दापुढं बोलायची बाजारात कोणाची छाती नाही. दलाल असून जनावराच्या वयात ते एकदाही खोटं बोलले नाहीत, हे सगळ्यांना माहीत आहे.

आता करुणाचं ऐका. पोंभुर्ण्याकडच्या एका खेड्यातली ही पोट्टी बॉक्सिंगमध्ये देशभर नाव काढून बसली आहे. तिची लढत असली की माझ्या हॉटेलातले सगळे मोबाइल एकाच जागी गोळा होतात आणि चहा कोणी मागत नाही. पण आता तिचं वय झालं. लागोपाठ दोन लढती हरली. तेव्हापासून माझ्याकडं सकाळ-संध्याकाळ एकच वाद.

राइस मिलचा ट्रक चालवणारा गुलाब म्हणायचा, "अजून तीन वर्षं तिले कोणी हात नाई लावत."

रिटायर झालेले मनोहर मास्तर चष्मा पुसत म्हणायचे, "पाय पाहा तिचे. पाय उचलत नाई आता. संपलं तिचं."

"मास्तर, तुमचे पाय उचलते का?"

"माझे कशाला उचलतील? मी काय लढून राह्यलो?"

वाद मिटेना म्हणून दोघं महागूभाऊंकडं गेले. भाऊंनी मोबाइलवर लढत पाहिली आणि भडकले. "तोंडात निळं रबर काऊन टाकलं इनं? दात झाकून लढते म्हंजे वय लपवून राह्यली."

गुलाबनं तिचे हसरे फोटो दाखवले. भाऊंनी एकेक फोटो डोळ्याजवळ नेला आणि परत दिला. "वरचे दात दिसून राह्यले. वरचे काय कामाचे? बैलाले वर समोर दातच नसते. खालचे दाखव."

मास्तरांनी समजावलं, की बाबा, माणसाचे दात बैलासारखे येत नाहीत. भाऊंनी मास्तरांकडं अशा काही नजरेनं पाहिलं की मास्तरांनी तोंड घट्ट मिटून घेतलं.

एक गोष्ट मात्र मला या माणसाची कधी उमगली नव्हती. त्यांच्या घरी कोठ्यात चार म्हातारे बैल आहेत. काम शून्य, खाणं भरपूर. बाजारात ज्यांना कोणी विचारलं नाही, ते भाऊंनी घरी आणले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, पोरगी लग्न होऊन नागपूरकडं गेली, ती रविवारी फोन करते. तरी दिवस कलला की भाऊ अर्धा चहा टाकून उठतात. "घरी वाट पाहून राह्यले," म्हणतात. मी एकदा त्यांच्या कोठ्यात उभा राहून विचारलं होतं, "भाऊ, हा पांढरा किती वर्षांचा?"

"कोन जाणे," ते म्हणाले, आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

साऱ्या तालुक्याच्या जनावरांची वयं तोंडपाठ असलेल्या माणसाला स्वतःच्या बैलाचं वय माहीत नाही. मला वाटलं, म्हाताऱ्याला चळ लागला.

तर महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेला जाणारी एक जीप माझ्या दारात थांबली आणि तिच्यातून करुणा उतरली. सोबत तिची आई. गुलाब आणि मास्तर उठून उभे राहिले. महिनाभर जिच्यावर भांडले, तिला साधं "बस" म्हणणं दोघांना सुचेना. शेवटी मीच भजे पुढं केले.

फोटोत दिसते त्याहून ती लहान होती आणि थकलेली होती. गुलाबनं धीर करून विचारलंच, "ताई, पुढच्या महिन्यातल्या टीमच्या निवडीले जाता नं?"

तिनं भजं परत ताटलीत ठेवलं. "तेच कळून नाई राह्यलं दादा. जो भेटते तो सांगते, अजून दोन वर्षं हाये. नाई तं सांगते, संपली. मार्कंडदेवाले विचाराले चालली मी."

"देव कशाले?" गुलाब म्हणाला. "महागूभाऊले दाखवा. भाऊचा शब्द म्हंजे शब्द."

महागूभाऊ कोपऱ्यातल्या बाकड्यावर बसले होते. नाव ऐकून तिची आई हसली. "आमचा सर्जा बैल यायच्याच हातचा," ती म्हणाली. करुणाही हसली, उठली, आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिनं तोंडात बोटं घालून खालच्या दोन दातांची कवळी काढून हातात घेतली. मग आ केला. मोठ्या थाटात केला. खरं उत्तर पाहिजे होतं तिला, आणि ते इथं मिळेल अशी तिची खात्री होती.

गुलाब आणि मास्तर पुढं वाकले. खरं सांगतो, मीही वाकलो.

महागूभाऊंनी तोंड फिरवलं.

"मीट, बाई, तोंड."

"काऊन जी काका? पाहा नं."

"बाजारातल्याचे दात पायतो मी," भाऊ म्हणाले. "विकाचं असते त्याचे. घरच्याचे नाई पाहत."

ती तशीच उभी राहिली, हातात कवळी घेऊन. आईनं पदर डोळ्याला लावला. गुलाब तिकडं भट्टीत लाकूड सारायला गेला, जे त्याचं काम नव्हे.

"मंग मी करू काय?" तिनं विचारलं. आवाज लहान पोरीचा झाला होता.

"लढाचं मन हाये तं लढ. आमी इथी बसून पाहू. नाई मन, तं नको लढू. इथी येऊन चाय पे. हे दोघं बोलते त्याच्याकडं ध्यान नको देऊ, यायले दुसरा धंदा नाई."

करुणानं कवळी बसवली, भाऊंच्या पाया पडली, आणि राहिलेले सगळे भजे खाल्ले. जीपमध्ये चढताना म्हणाली, "जाते मी निवडीले. जिंको का हरो, येताना चाय पेते." आणि हसली, खालचे वरचे सगळे दात दाखवून.

जीप गेल्यावर मास्तरांना राहवलं नाही. "भाऊ, आता हसली तेव्हा दिसले असतील नं? किती वर्षं?"

"मी खाली पाहत होतो," भाऊ म्हणाले आणि घरी निघाले. बैल वाट पाहत होते.

माझ्या मात्र मनात एक सल राहिला. माझे दात या माणसानं हॉटेल टाकलं त्या दिवसापासून कितीदा तरी पाहिले आहेत. म्हणजे मी बाजारातलाच की काय? दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले, तेव्हा मी मुद्दाम त्यांच्यापुढं आ करून उभा राहिलो.

भाऊंनी माझ्या डोळ्यांत पाहिलं, मग भट्टीकडं पाहिलं.

"चाय मांड," ते म्हणाले. "उतू जाऊन राह्यलं दूध."