सहा नंबरच्या टेबलाची कॉफी

चिखलदऱ्याच्या बसस्थानकामागे एक कॅफे आहे. तिथे कॉफी मागवली की चार वर्षांनी येते.

यात उशीर असा काही नाही. गिऱ्हाईक टेबलावर बसलं की आधी त्याच्या नावाचं बी कुंडीत पेरतात. रोप वाढतं, त्याला फुलं येतात, फळं धरतात. पहिल्या बहरात जेवढी फळं निघतात त्यांचा एक कप होतो. थोड्या बिया पुढच्या गिऱ्हाइकांसाठी ठेवतात आणि झाड डोंगरउतारावर नेऊन लावतात. कुणाची कॉफी दुसऱ्याच्या झाडातून काढायची नाही, हा तिथला साधा नियम आहे.

मी दोन वर्षं नेदरलँड्समध्ये शाश्वत अन्नव्यवस्थेचा अभ्यास करून ऑक्टोबरात परतवाड्याला परतले होते. तिकडे आम्ही एका कपामागे किती पाणी आणि किती डिझेल खर्च होतं याचे तक्ते करायचो, आणि ते करताना कॉफी प्यायचो. फुलवंतीताई बेठेकरांच्या कॅफेत पाऊल टाकेपर्यंत मला त्यात काही खटकलं नव्हतं.

"एक कॉफी," मी म्हणाले.

"दूध?"

"सोयाबीनचं."

"ते दरसाल पेरतोच. गूळ?"

"थोडा."

"मग दोन ऊस लावावे लागतील. जागा बघते." फुलवंतीताईंनी वहीत लिहून घेतलं. "बसून पिणार की घेऊन जाणार?"

"बसून."

"अकरा नंबर रिकामा आहे. खिडकीजवळ हवं असेल तर दोन वर्षांनी होईल."

अकरा नंबर हे शेवटचं टेबल. मला ते आवडलं. मी रोज परतवाड्याहून सकाळच्या गाडीने यायचे, कुंडीला पाणी घालायचे आणि बसायचे. बाकीचेही तसंच करायचे. पाच नंबरच्या टवलारेबाईंचा गॅस सिलिंडर कॅफेच्या पत्त्यावर यायचा. तीन आणि चार नंबरचं मागच्या वर्षी लग्न झालं होतं, पण कॉफी वेगवेगळ्या तारखांना मागवलेली असल्यामुळे त्यांना टेबलं एकत्र करता आली नव्हती.

सहा नंबरला काळमेघ काकाजी होते. त्यांनी परतवाड्याच्या एका शाळेत तीस वर्षं घंटा वाजवली होती. त्यांची कॉफी जानेवारीत येणार होती. वय एकाहत्तर, आणि कॉफी त्यांनी आयुष्यात कधी घेतली नव्हती.

"शाळेत मास्तर लोकांले मीच नेऊन देत होतो," त्यांनी मला सांगितलं. "ट्रे भरून नेतो, ट्रे रिकामा आणतो. मले कोणी विचारलं नाई, अन् मीबी सांगितलं नाई."

"मग इथे यावंसं कसं वाटलं?"

"रिटायर झालो नं. म्हटलं, वाट पाहाची तं आता आपल्यासाठी पाहू."

कॅफेत सगळं मनासारखं होतं, फक्त एक गोष्ट मला पटत नव्हती. कप तयार झाला की तो सरळ गिऱ्हाइकासमोर ठेवत. कुणी विचारत नसे. चार वर्षांत माणूस बदलतो. इच्छा चार वर्षांपूर्वीच्या माणसाची, आणि कप मात्र आजच्या माणसापुढे. झाडाची एवढी काळजी घ्यायची आणि माणसाची संमती गृहीत धरायची, हे बरोबर नाही.

कॅफेत दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी प्रतीक्षाधारकांची सभा असते. जानेवारीच्या सभेत मी ठराव मांडला. चाळीस मिनिटं बोलले. कप ठेवण्याआधी विचारायचं. एकदाच विचारायचं, कारण दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे दबाव. हो म्हणजे हो आणि नको म्हणजे नको. नको म्हटल्यास एक नंबरपासून क्रमाने बाकीच्या टेबलांना विचारायचं, आणि कुणीच न घेतल्यास कॉफी त्याच झाडाच्या मुळाशी ओतायची.

अनुमोदन काकाजींनी दिलं. "पोरगी बरोबर बोलून राह्यली," ते म्हणाले. "माणसाले विचारलं पाह्यजे."

ठराव एकमताने मंजूर झाला.

त्याच आठवड्यातल्या गुरुवारी काकाजींची कॉफी झाली. फुलवंतीताईंनी बिया लोखंडी तव्यावर भाजल्या, खलबत्त्यात कुटल्या. वास खिडकीपर्यंत गेला. काकाजी कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आठ वाजल्यापासून बसले होते. टेबलावरचं वर्तमानपत्र, चष्म्याचं घर, किल्ल्या, सगळं त्यांनी उचलून मांडीवर घेतलं होतं. कपबशीएवढी जागा मधोमध मोकळी होती.

अकरा वाजता कप तयार झाला. फुलवंतीताई ट्रे घेऊन सहा नंबरसमोर उभ्या राहिल्या. "काकाजी, कॉफी घेता का?"

काकाजी अर्धे उठले आणि परत बसले. त्यांनी सगळ्या टेबलांकडे एकदा पाहून घेतलं.

"नाई नाई," ते म्हणाले, "माह्यासाठी काहून तरास. राहू द्या नं."

फुलवंतीताई ट्रे तसाच धरून माझ्याकडे वळल्या. "ताई, पुन्हा विचारू का?"

मी त्या दिवशीही ठरावाच्या बाजूने होते. "नियमात बसत नाही," मी म्हणाले.

फुलवंतीताईंनी वहीत सहा नंबरपुढे 'नको' लिहिलं आणि एक नंबरकडे गेल्या.

"काकाजींचं हाये ते, मी कसा घेऊ," एक नंबर म्हणाला. नको.

"आत्ताच पाणी प्यालो," दोन नंबर म्हणाला. नको.

तीन नंबरने चार नंबरकडे बोट दाखवलं, चार नंबरने तीनकडे. दोन नको. टवलारेबाई म्हणाल्या, "मले कुठं चालते, तुम्हीच घ्या फुलवंतीबाई." नको. सातपासून दहापर्यंत चार नको लिहून झाले. दहाही माणसं कपाकडे बघत होती.

कप माझ्यासमोर आला. "ताई, घेता का?"

खरं सांगायचं तर मला ती कॉफी हवी होती. तीन महिने मी दुसरी कुठलीच कॉफी प्याले नव्हते, आणि वास सकाळपासून नाकात होता. नको म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं आणि काकाजींची चार वर्षं कुंडीत गेली असती. शिवाय ठराव माझाच होता.

"हो," मी म्हणाले.

कॅफे सुरू झाल्यापासून कशालाही पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारी मी पहिलीच, असं नंतर टवलारेबाईंनी सांगितलं. ती तक्रार नव्हती, पण कौतुकही नव्हतं.

मी प्याले. घाई केली नाही.

"कशी हाये?" काकाजींनी विचारलं.

"चांगली आहे."

"गूळ?"

"बेताचा."

"मी बेताचाच सांगितला होता." ते खुर्चीत पुढे सरकले. "कडू लागते का गोड?"

"आधी कडू. मग जरा वेळाने गोड."

"हां," काकाजी म्हणाले. "मास्तर लोकं पहिल्या घोटाले तोंड वाकडं करत अन् मग सगळी पीत. तीस वर्षं समजलं नव्हतं."

त्यांनी वर्तमानपत्र, चष्म्याचं घर आणि किल्ल्या मांडीवरून उचलून परत टेबलावर ठेवल्या. आपल्याकडे तीनदा विचारायचं असतं, हे मला तेव्हा आठवलं. कप रिकामा होता.

दुपारी तातडीची सभा झाली. या वेळी मी दोन मिनिटं बोलले. 'एकदा'च्या जागी 'तीनदा' अशी दुरुस्ती मांडली. ती मंजूर झाली. मला कॉफी मिळालेली असल्यामुळे अकरा नंबरची कुंडी कुणाच्याच नावावर उरली नव्हती. तीन महिन्यांचं रोप होतं, दोन गोल पानं उघडलेली. फुलवंतीताई ते सहा नंबरपाशी घेऊन गेल्या.

"काकाजी, हे रोप घेता का?"

"नाई नाई. ताईचं हाये ते."

फुलवंतीताईंनी वही उघडली नाही. "घ्या हो काकाजी."

"काहून उगीच."

त्यांनी कुंडी माझ्या हातात दिली. तिसऱ्यांदा विचारायचं काम माझं होतं.

"काकाजी, घ्या ना. तीन महिने वाचतील तुमचे."

काकाजींनी सगळ्या टेबलांकडे पाहून घेतलं. "आता एवढं म्हणता तं," ते म्हणाले आणि दोन्ही हात पुढे केले.

फुलवंतीताईंनी कुंडीला अडकवलेल्या पत्र्याच्या पट्टीवरचा अकरा खोडून सहा लिहिला. काकाजींनी गळ्यातला मफलर काढून कुंडीला गुंडाळला, कारण तिथली जानेवारीतली थंडी रोपांना सोसत नाही, आणि कुंडी खिडकीतल्या उन्हात सरकवली. पावणेचार वर्षं राहिली होती.

फुलवंतीताई माझ्या टेबलाशी आल्या. वहीचं नवं पान उघडलेलं होतं. "ताई, तुम्हाला पुन्हा एक पेरू का?"

"नको," मी म्हणाले. "राहू द्या."

फुलवंतीताईंनी पेनाला टोपण लावलं नाही. मीही उठले नाही.