चप्पल कुणाची पडली

नंदाताईंचा विद्यापीठाचा ईमेल घरी उघडत नव्हता. ‘पहिल्यांदा आवारातूनच उघडा,’ असं स्क्रीनवर येत होतं. म्हणून त्या कोपरहून विद्यापीठाच्या ठाण्यातल्या केंद्रात आल्या, तर तिथली स्क्रीन म्हणाली, ‘नोंदवलेल्या मोबाइलवर कोड पाठवला आहे.’ नोंदवलेला मोबाइल कोपरला, दौलतरावांच्या खिशात. गॅस, वीज, रेशन, सगळीकडे नवऱ्याचाच नंबर द्यायचा ही घरची रीत. एम.ए.च्या प्रवेशअर्जावरही तोच गेला होता.

"म्हणजे घरी कोड आहे पण ईमेल नाही, इथे ईमेल आहे पण कोड नाही," नंदाताई म्हणाल्या. "मग मी उभं कुठे राहायचं?"

"काकू, काकांना फोन लावा ना. सिंपल आहे," संगणक कक्षातली हेमाली म्हणाली.

परीक्षेच्या अर्जाची लिंक त्याच ईमेलवर आली होती आणि आज शेवटचा दिवस होता. लग्नासाठी अर्धवट सोडलेलं एम.ए. नंदाताई पासष्टाव्या वर्षी पुरं करायला निघाल्या होत्या. आणखी एक वर्ष घालवायची त्यांची तयारी नव्हती.

त्यांच्या फोनची बॅटरी संपलेली. हेमालीने आपल्या फोनवरून नंबर लावला आणि स्पीकर चालू केला.

"अहो, मी बोलतेय. तुमच्या फोनवर सहा आकडे आलेत, तेवढे सांगा."

"मॅडम, दुसरं गिऱ्हाईक बघा," असं म्हणून दौलतरावांनी फोन ठेवला.

दौलतराव बँकेतून निवृत्त झालेले. ओटीपी कुणालाही सांगू नका, यावर सोसायटीच्या गच्चीत त्यांची व्याख्यानं होत. हल्ली कॉम्प्युटर तुमच्या बायकोचासुद्धा आवाज काढतो, हे त्यातलं त्यांचं आवडतं वाक्य.

दुसऱ्या फोनला त्यांनी अट घातली. "बायकोच असाल तर सांगा. लग्न ठरल्यावर आम्ही तलावपाळीला होडीत बसलो होतो. उतरताना पाण्यात चप्पल कुणाची पडली?"

नंदाताईंना सगळं लख्ख आठवत होतं. होडीवाल्याची पिवळी टोपी, उकडलेल्या शेंगांची पुडी आणि एका पायाने अनवाणी, तरीही ऐटीत वर्तकनगरपर्यंत चालत गेलेले दौलतराव.

"तुमची. डाव्या पायाची."

"चूक. बायकोची पडली. तुमची माहिती कच्ची आहे, मॅडम."

फोन बंद. हेमालीने हळूच विचारलं, "काकू, खरंच कुणाची पडली?"

"त्यांची. पण प्रत्येक लग्नकार्यात ते माझी म्हणून सांगतात आणि प्रत्येक वेळी मी दुरुस्त करते."

"मग आज नका ना करू दुरुस्त. काय जातंय?"

"काय जातंय? चाळीस वर्षांची दुरुस्ती जातेय."

मागे रांग चुळबुळायला लागली होती. नंदाताईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग डोळे मिटले आणि तिसऱ्या फोनला म्हणाल्या, "माझी पडली."

"कुठल्या पायाची?"

"तुम्ही म्हणाल त्या."

"हां, आता नंदा वाटतेस. घे लिहून."

अर्ज गेला. हेमाली म्हणाली, "आता घरूनपण उघडेल. फक्त ओळख पटवायला एक प्रश्न आणि त्याचं उत्तर टाकून ठेवा. प्रश्न तुमच्या मनाचा."

नंदाताईंनी स्क्रीनवर हाताचा आडोसा धरला आणि सावकाश टाइप केलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी हॉल तिकीट आलं. नंदाताई अभ्यासासाठी विठ्ठलवाडीला बहिणीकडे होत्या, प्रिंटर घरी होता. त्यांनी दौलतरावांना पासवर्ड दिला. थोड्या वेळाने त्यांचा फोन आला.

"अगं, तुझा ईमेल मला प्रश्न विचारतोय."

"मग द्या उत्तर."

"नंदाची पडली, असं लिहिलं. चूक म्हणतो. नुसतं नंदा लिहिलं, तेही चूक. आता एकदाच संधी आहे म्हणे. काय लिहू?"

"सांगितलं असतं हो. पण तुम्हीच म्हणता ना, कुणालाही सांगू नका."

पलीकडून एकाच बोटाने, थांबत थांबत, अक्षरं दाबल्याचा आवाज आला.

संध्याकाळी दौलतराव हॉल तिकीट घेऊन विठ्ठलवाडीला आले. नंदाताईंनी पाणी दिलं. चहा झाला, ते उठले, दारात वाकून पायांत चपला सरकवल्या आणि वर न बघता म्हणाले,

"त्या चपलेचा पट्टा मुळातच तुटका होता."