बास्केटबॉल, सत्कार आणि बारावं प्रकरण

एका जंगलात, मुलांनो, पाण्याची टंचाई होती आणि कार्यक्रमांची रेलचेल. हे जंगल कुठे आहे, असं विचारू नका. भूगोलाच्या पुस्तकात ते नाही. पण तुमच्या बाबांना विचारलंत, तर ते घाईघाईने दुसरा विषय काढतील.

त्या जंगलात नारबा साळिंदर राहत होता. नारबा लेखक होता. पाठीवरचा एखादा काटा गळून पडला की तो जांभळाच्या रसात बुडवायचा आणि पळसाच्या पानावर लिहायचा. स्वतःच्या काट्याने लिहिणारे थोडे असतात. बाकीचे मोरपिसाने लिहितात, आणि ते पीसही दुसऱ्याचं असतं.

नारबाचं आणखी एका गोष्टीवर प्रेम होतं. बास्केटबॉलवर.

सहलीला येणारी माणसं जंगलात काय काय विसरून जातात. एकदा ती बॉल विसरून गेली. वानरांनी ऐनाच्या झाडाला बूड नसलेली टोपली बांधली आणि खेळ सुरू झाला. नारबा तो खेळ बघून वेडा झाला. पण त्याने बॉल छातीशी धरला की फुस्स. तीन सहलींचे तीन बॉल फोडल्यावर वानरांनी त्याला हात जोडले. तेव्हापासून नारबा रेषेबाहेर उभा राहून शिकवू लागला, आणि चांगलं शिकवू लागला. ज्याला बॉलला हात लावता येत नाही, त्याचं लक्ष बाकी सगळ्यावर असतं.

त्याच्या संघात पाच पोरं होती. मंदी मुंगूस कप्तान. शिवाय एक ससा, एक खार, एक भेकर आणि रानडुकराचं एक जाडजूड पिल्लू. ते नुसतं उभं राहिलं तरी त्याला वळसा घालताना समोरच्याची दमछाक व्हायची.

सकाळी लिखाण आणि उन्हं कलली की मैदान, असा नारबाचा नेम होता. उन्हं कलायच्या आत हातातलं पान संपवावंच लागे, कारण नाहीतर मंदी दारात येऊन उभी राहायची.

"काका, अजून तेच वाक्य?" असं ती विचारायची.

त्या एका प्रश्नाच्या धाकाने नारबाने अकरा प्रकरणं लिहिली होती. मैदानावर तो भेकराला सांगायचा की बॉल हातात आला म्हणून तीनदा आपटायलाच हवा असं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बसला की आदल्या पानावरची तीन विशेषणं तो आपल्याच काट्याने खोडायचा. शिकवताना कोण कुणाला शिकवतं, ते सांगणं अवघड असतं.

आता हे पुस्तक कशाबद्दल होतं, ते ऐका. जंगलाचा पाणवठा चार वर्षं आटत चालला होता. पाणी समितीने चौकशी करून आभाळाला दोषी ठरवलं होतं. आभाळ खुलासा देत नाही, त्यामुळे प्रकरण मिटलं होतं. नारबाने आभाळाला काही विचारलं नाही. त्याने बेडकांना विचारलं. मग पोरांचा दम वाढावा म्हणून तो त्यांना कोरड्या ओढ्यातून वर पळवू लागला आणि रोज थोडं आणखी वर नेऊ लागला. एके दिवशी सगळे धापा टाकत अगदी वर पोचले. करवंदीच्या जाळीमागे दगडांचा पक्का बांध होता. बांधामागे खोल, निळा डोह होता. आणि डोहात गजाभाऊ हत्ती आंघोळ करत होते.

गजाभाऊ कोण, ते सांगायचं राहिलं. ते जंगलाच्या साहित्य मंडळाचे अध्यक्ष होते आणि क्रीडा मंडळाचेही. त्यांनी कधी ओळ लिहिली नव्हती आणि बॉलला सोंड लावली नव्हती. पाणी समितीचेही अध्यक्ष तेच होते, आणि तहान कशी असते तेही त्यांना माहीत नव्हतं.

नारबा घरी आला आणि त्याने पानावर लिहिलं, प्रकरण बारावं.

ही बातमी मंडळाचे चिटणीस बगळे यांना लागली. बगळे एका पायावर डोळे मिटून उभे राहत, म्हणून त्यांना सगळे विचारवंत म्हणत. ते तडक डोहावर गेले. गजाभाऊंनी ऐकलं आणि त्या साळिंदराला आत्ताच्या आत्ता तुडवतो म्हणाले.

"तुडवलेलं पुस्तक सगळे वाचतात," बगळे म्हणाले. "शिवाय तुमच्या पायात काटे मोडतील ते वेगळेच. आपण नारबांचा आदर करू."

दुसऱ्या दिवशी बगळे नारबाच्या बिळापाशी आले. ते फार दुःखी होते. एवढ्या ताकदीचा लेखक, आणि तो सशांच्या मागे ओरडत फिरतो, हे त्यांना बघवत नव्हतं. एक ना धड, भाराभर चिंध्या, असं लोक म्हणतात, मी म्हणत नाही, असं ते म्हणाले. बारावं प्रकरण हे जंगलाच्या साहित्यातलं शिखर ठरणार, त्यासाठी लेखकाने पूर्ण वेळ द्यायला हवा, असंही म्हणाले.

नारबाची बायको साळूबाई आत कंदमुळं सोलत होती. ती तिथूनच म्हणाली, "दीड तासाच्या खेळाने बुडत असेल, तर तुमचं साहित्य आधीच गळकं असणार."

बगळे हसले. त्यांना बायकांच्या विनोदाचं कौतुक होतं.

मुलांनो, टीका आली तर साळिंदराला काटे उभारता येतात. कौतुक आलं तर काय उभारणार? नारबा विरघळला. त्याने मैदानावर जाऊन पोरांना सांगितलं की आता काही दिवस आपल्याला फक्त लिहायचं आहे. ससा रडला. पिल्लाने तोंड फिरवलं. मंदीने एवढंच विचारलं, "बारावं झालं की येणार ना?" नारबा हो म्हणाला, आणि तो खोटं बोलत नव्हता.

क्रीडा मंडळाने त्याच्या जागी ताबडतोब दुसरा प्रशिक्षक नेमला. सेवाज्येष्ठतेनुसार कासवाचा नंबर लागत होता.

इकडे नारबाला पूर्ण वेळ मिळाला. पहिल्याच सकाळी त्याने लिहिलं, "झऱ्याच्या उगमाशी," आणि तेवढ्यात त्याला सत्काराला बोलावणं आलं. पूर्ण वेळ साहित्याला वाहिल्याबद्दलच तो सत्कार होता.

सत्कार कसा असतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. काजव्यांच्या हस्ते दीपप्रज्वलन झालं. कोकिळेचं स्वागतगीत, मग प्रास्ताविक, मग परिचय. परिचयात नारबाचं गाव चुकलं, जात चुकली आणि पुस्तकाचं नाव चुकलं. मग शाल आणि श्रीफळ. शाल त्याच्या पाठीवर पांघरली तेव्हा तिला अठ्ठावीस भोकं पडली, पण टाळ्या जोरात होत्या. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा मान अवघडली होती आणि डोक्यात एकही शब्द उरला नव्हता.

पुढच्या दिवशी कावळा आला. त्याच्या कवितासंग्रहाला प्रस्तावना हवी होती. आता तुम्हाला मैदान नसतं, म्हणून आलो, असं तो म्हणाला. मग बोरीखालच्या वाचनालयाचं उद्घाटन आलं. मग काव्यवाचन स्पर्धेचं परीक्षण, "लेखक आपल्या भेटीला", आणि "लेखनाला वेळ कसा काढावा" या विषयावरचं व्याख्यान. हे व्याख्यान त्याने सहा ठिकाणी दिलं. पूर्वी कुणी बोलावलं तर "माझी पोरं वाट बघताहेत" असं सांगून त्याला सुटता येई. "मी घरी बसून लिहितोय" हे कारण मात्र कुणी ऐकत नाही. घरी बसून लिहिणारा घरीच असतो ना, मग येईल की.

असे चार महिने गेले. साळूबाईने खोबऱ्याच्या वड्या केल्या, चटणी केली, तेल काढलं, आणि शेवटी दारातून आत येणारा नारळ बघितला की तिला मळमळू लागलं. पाणवठा गुडघ्यावरून घोट्यावर आला. संघ तीन सामने हरला. कासवसर पहिल्या सामन्याला निघाले होते, ते अजून पोचायचे होते.

एका दुपारी मंदी दारात येऊन उभी राहिली. तिच्या ओठांना भेगा पडल्या होत्या. तिने वळणीवरच्या भोकाभोकांच्या शाली पाहिल्या.

"किती झालं?" तिने विचारलं.

"एक वाक्य," नारबा म्हणाला.

"पूर्ण?"

नारबाने मान खाली घातली. "स्वल्पविरामापर्यंत."

मंदीने शालींकडे पाठ केली. मग म्हणाली, "काका, आमचं पाणी संपतंय आणि तुमच्या शाली वाढताहेत. आम्ही वर पळत गेलो, तो बांध डोळ्यांनी बघितला. आम्ही सांगितलं तर पोरं म्हणून हाकलतील. तुम्ही लिहिलं तर ते राहील. उद्या उन्हं कलली की मी इथे येणार. लिहून झालेलं असो नाहीतर नसो, तुम्ही मैदानावर यायचं."

त्या दुपारी नारबाला जितकी लाज वाटली, तितकी तीन बॉल फोडल्यावरही वाटली नव्हती. दुसऱ्या दिवशी घुबडांच्या वाङ्मयीन चर्चासत्राचं उद्घाटन होतं. तो गेला नाही. घुबडांनी ते स्वतःच केलं, आणि कुणाला फरक कळला नाही.

नारबा सकाळी लिहायला बसला. उन्हं कलली तेव्हा दोन पानं झाली होती, आणि मंदी दारात होती. नऊ सकाळींत बारावं प्रकरण संपलं. रोज सराव झाला की पोरं ऐनाखाली दम खात बसायची आणि नारबा त्यांना त्या दिवसाची पानं वाचून दाखवायचा. ससा झोपायचा. पिल्लू मात्र नेमके प्रश्न विचारायचं. बांध किती उंच आहे, तळाचे दगड केवढे आहेत, ते चिखलाने लिंपलेत की नुसते रचलेत. नारबाला वाटलं, काय जाणकार वाचक आहे.

आता प्रकाशन. त्या जंगलात कुठलंही पुस्तक अध्यक्षांच्या हस्ते प्रकाशित होत असे, आणि अध्यक्षांनी ते आधी वाचायचं नाही अशी जुनी रीत होती. वाचलं तर मत तयार होतं आणि मत झालं की भाषण बिघडतं. एरवी बगळ्यांनी लक्ष घातलं असतं. पण पाणवठ्यातले मासे संपल्यापासून बगळे डोहाकाठीच मुक्कामाला होते, आणि लेखक स्वल्पविरामावर अडकलाय ही त्यांची शेवटची माहिती होती. बारावं आलंच नसेल, या भरवशावर ते निर्धास्त होते.

गजाभाऊंनी सोंडेने फीत सोडली. ते म्हणाले, "मी हे पुस्तक चाळलं आहे. शेवटचं प्रकरण तर प्रत्येकाने आवर्जून वाचावं."

अध्यक्षांनी सांगितलं म्हणून प्रत्येकाने वाचलं.

तीन दिवस जंगलात कुणी कुणाशी बोललं नाही. चौथ्या दिवशी सगळे मोठ्या वडाखाली जमले. नारबाही आला होता. आता हे सगळे ओढ्याने वर जाणार, असं त्याला वाटत होतं.

एक म्हातारं सांबर उभं राहिलं. त्याचे डोळे भरून आले होते. ते म्हणालं की स्वतःविरुद्धचं पुस्तक स्वतःच्या सोंडेने प्रकाशित करायचं, आणि वर वाचा म्हणून सांगायचं, एवढं मोठं मन आपण जन्मात पाहिलं नाही. अशा प्राण्याला आपण काय देऊ शकतो?

बगळ्यांनी डोळे उघडले. ठराव त्यांच्याकडे तयारच होता. गजाभाऊंचा भव्य नागरी सत्कार, परवा, उन्हं कलताना. प्रमुख वक्ते, नारबा साळिंदर.

नारबा म्हणाला की ती आपली सरावाची वेळ आहे, आणि निघून गेला.

सत्काराच्या दिवशी तो मैदानावर गेला तर तिथे कुणी नव्हतं. मंदीही नव्हती. नारबा संतापला. खेळाडू सराव सोडून समारंभाला जायला लागले म्हणजे सगळंच संपलं, असं तो मोठ्याने बोलून गेला. मग त्याला ओढ्याच्या वाळूत ताजे ठसे दिसले. ते वर चालले होते.

नारबा धापा टाकत वर पोचला. डोहात कुणी नव्हतं, कारण डोहाचे मालक खाली हार घालून घेत होते. बांधाच्या तळाशी पिल्लू मुसंडी मारून दगड सैल करत होतं. मंदी तो ओढून काढत होती. भेकर, खार आणि ससा मिळून तो पलीकडे लोटत होते.

नारबा थोडा वेळ बघत राहिला. मग काठावर उभा राहून म्हणाला, "पाठीने नाही, पायांनी जोर लावा. गुडघे वाकवा."

खाली वडाच्या मांडवात चौथं भाषण चाललं होतं. वक्ता अध्यक्षांच्या मनाला सागराची उपमा देत असतानाच मांडवात पाणी शिरलं. आधी सतरंजी भिजली, मग पहिली रांग. गजाभाऊ दचकून उठू लागले, पण बगळ्यांनी त्यांच्या कानात काही सांगून त्यांना बसवलं. मग बगळे लगबगीने माइकपाशी गेले आणि त्यांनी आभारप्रदर्शन उरकून घेतलं. सत्काराचं औचित्य साधून पाणी उपलब्ध करून दिल्याबद्दल त्यांनी अध्यक्षांचे मनःपूर्वक आभार मानले.

टाळ्या मात्र वाजल्या नाहीत. सगळे खाली मान घालून पाणी पीत होते.

तात्पर्य: लेखकाने लेखकच राहावं. त्याला मैदानावर जाऊ दिलं तर तो वेळेवर लिहितो, आणि त्याचे खेळाडू लिहिलेलं खरं धरून कामाला लागतात. म्हणून सुज्ञ समाजाने अशा लेखकाचा सत्कार वेळीच करावा, आणि तो पुन्हा लिहायला बसेल त्या त्या वेळी करत राहावा.