पालथ्या प्रेताची दृष्ट

टीव्हीवर कोणी मेलं की आमचे शेजारी भिवाकाका आधी त्याचं पोट बघतात. ‘पोट हलता बघ! ह्येका मेलेलो कोण म्हणतलो?’ असं ते ओरडतात, आणि भोईवाड्यातल्या आमच्या चाळीचा अख्खा मजला दचकतो.

अधिकार म्हणाल, तर काका स्वतः एकदा मेलेत. जहाज फुटून निर्जन बेटावर अडकलेल्या खलाशाची ती जगप्रसिद्ध कादंबरी. तिच्यावरच्या मराठी सिनेमाचं शूटिंग काकांच्या गावच्या किनाऱ्यावर झालं. वाहून आलेल्या प्रेतांत एक कमी पडत होतं. आंबे उतरवायला गेलेल्या काकांनी ती उणीव भरून काढली. वाळूत पालथे, तोंड दिसत नाही. पालथ्या माणसाचं पोट कोणाला दिसणार, हे विचारायची मात्र सोय नव्हती.

सिनेमा आपटला. दोष दिग्दर्शकाचा, नटाचा, बेटाचासुद्धा, प्रेताचा नाही. ‘मी मेलंय म्हणान हिरो एकटो पडलो. मी उठान बसलंय तर सिनेमाच संपलो!’

काकींना तो सिनेमा बघवत नसे. नवरा मेलेला दिसणं अशुभच. टीव्हीवर तो लागला की मीठ-मिरच्या ओवाळून, तापल्या तव्यावर टाकून, दृष्ट काढल्याशिवाय त्या काकांना उठू देत नसत. मजलाभर ठसका! आम्ही नाकाला रुमाल लावून काकांच्या कलेला शिव्या घालायचो. ‘खुळी आसा ही,’ काका म्हणायचे, पण बसून राहायचे.

गेल्या वर्षी काकी गेल्या. यंदा चाळीच्या सत्यनारायणाला हाच सिनेमा लावा म्हणून काकांनी कमिटीचं डोकं खाल्लं. शेवटी कमिटीने हात टेकले. इस्त्रीचा सदरा घालून काका पहिल्या रांगेत. प्रेत आलं, शिट्ट्या पडल्या. सिनेमा संपला, खुर्च्या उचलल्या, काका बसलेलेच.

‘काका, चला, जेवण थंड होतंय.’

‘उठू कसो रे? माझी दृष्ट काढूक नाय अजून कोणी.’

एक झकास टोमणा माझ्या ओठांवर आला होता, तो गिळला. बायकोकडे वळलो, तर ती आधीच जिना चढत होती. तापलेला तवा घेऊन ती खाली आली, काकांवरून मीठ-मिरच्या ओवाळल्या, तव्यावर टाकल्या. सगळा मांडव खोकायला लागला. कोणी शिवी घातली नाही.

काकांनी डोळे पुसले.

‘तिच्यो मिरच्यो जास्त तिखट होत्यो,’ म्हणाले, आणि उठले.