पहिल्याच दिवशी दिलेली टिप

टिप कशी द्यायची हे ग्लेनिसला पक्कं ठाऊक होतं. एवढंच, की तिने ती आजवर कुणाला दिली नव्हती.

यात तिचा काही दोष नव्हता. ब्रिस्बेनमध्ये माणूस टॅक्सीत बसतो तो पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी. वाटभर रग्बीवरून त्याच्याशी वाद घालतो आणि मीटर दाखवील तेवढे पैसे देऊन उतरतो. वर काही सुटे ठेवले तर ड्रायव्हर हाक मारून परत देतो. अशा गावात टिप द्यायला शिकणार कुठे? पण जहाजावरची रीत वेगळी असते, आणि ग्लेनिसने तिचा व्यवस्थित अभ्यास केला होता.

"रोख द्यायची," जहाज ब्रिस्बेनचं बंदर सोडत असताना तिने डेकवर जाहीर केलं. "हातात द्यायची, नाव घेऊन द्यायची. आणि शेवटच्या दिवशी उशीखाली कोंबून पळायचं नाही. पहिल्याच दिवशी द्यायची. म्हणजे आपण त्याला माणूस समजतो हे त्याला कळतं."

"तिकिटातच सगळं धरलेलं असतं," नोलीन म्हणाली. नोलीन ही तिची नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. ती दरवर्षी एक तरी समुद्रसफर करायची, त्यामुळे पॅसिफिक तिच्या परसातला असल्यासारखी बोलायची. "आणि तुला ते जमायचं नाही, ग्लेनिस. तू कुणाला काही देतेयस हे समोरच्याला खरंच वाटणार नाही. जन्मभर काढून घेत आलीस."

"ताई, अगं," डेस म्हणाला, आणि त्याने बिअरमध्ये तोंड घातलं. बहीण आणि बायको यांच्या मध्ये तो नेहमी बिअर ठेवायचा.

नोलीनचं बोलणं ग्लेनिसला लागलं, कारण ते खरं होतं. निवृत्त होईपर्यंत ती ब्रिस्बेनच्या विमानतळावर आणि बंदरावर परदेशातून येणाऱ्यांचं सामान तपासत होती. फळं, मांस, बिया, मातीचा कण. देशात कीड आणि रोग येऊ नयेत म्हणून ते सगळं काढून पिवळ्या पिंपात टाकायचं. काम आवश्यक होतं आणि ती त्यात निष्णात होती. नव्या पोरींना ती शिकवायची, "चेहऱ्याकडे बघू नका. पिशवीच्या कोपऱ्याकडे बघा." पण चेहरे दिसायचेच. लेकीसाठी आणलेलं लोणचं पिंपात जाताना बघणारी आई, सॉसेजची माळ सोडायला तयार नसलेला म्हातारा. त्या सगळ्या रिकाम्या हातांचं तिच्यावर काहीतरी बाकी राहिलं होतं. एकदा तरी कुणाच्या हातात काहीतरी ठेवायचं, एवढंच तिला या सफरीत करायचं होतं. आणि ते चोख करायचं होतं.

त्यांच्या केबिनची व्यवस्था ओबेद नावाच्या माणसाकडे होती. तिशीचा, रुंद खांद्यांचा, अतिशय हळू दार वाजवणारा. तो पॅसिफिकमधल्या वानुआतू बेटांवरचा होता, आणि त्याचं गाव लुगनविल बंदराच्या जवळच होतं. जहाजाचा पहिला मुक्काम नेमका तिथेच होता. ग्लेनिसने त्याच्या येण्याआधी बिछाना आवरून ठेवला होता, बाथरूम पुसून ठेवलं होतं. आता त्याला करायला काहीच उरलं नव्हतं, त्यामुळे बोलायला वेळ होता.

"ओबेद," ती म्हणाली आणि तिने पाकीट दोन्ही हातांनी त्याच्या हातात ठेवलं. "हे कंपनीकडून नाही. माझ्याकडून आहे. ग्लेनिसकडून ओबेदला."

ओबेद पाकिटाकडे बघत राहिला.

"सगळ्यांनाच देताय का, मॅडम?" त्याने जरा आशेने विचारलं.

"छे. फक्त तुला."

"आणि आज पहिलाच दिवस आहे."

"म्हणूनच."

"बरं," ओबेद म्हणाला. परीक्षेत अभ्यासाबाहेरचा प्रश्न आल्यावर मुलं म्हणतात तसं.

"गहिवरला बिचारा," ग्लेनिसने डेसला सांगितलं.

संध्याकाळी जेवून परत आले तर बिछान्यावर टॉवेल दुमडून केलेलं कासव. बाकीच्या केबिनमध्ये टॉवेलचा हत्ती असतो. मुठीएवढा, सोंड मरगळलेला. हे कासव मात्र अख्ख्या पलंगावर पसरलं होतं, त्याच्या पाठीवर घडीघडीची नक्षी होती, आणि त्याच्या पुढ्यात स्वयंपाकघरातल्या सगळ्यात चांगल्या पपयांची टोपली होती.

"झोपायचं कुठे?" डेसने विचारलं.

"खुर्चीत बस थोडा वेळ. ही कृतज्ञता आहे."

कृतज्ञतेला उत्तर द्यायला हवं. एवढ्याशा पैशांनी माणूस इतका भारावतो म्हणजे त्याला आजवर कुणी काही दिलंच नसणार, असा ग्लेनिसने शास्त्रशुद्ध निष्कर्ष काढला आणि सकाळी दुसरं पाकीट दिलं. नाव घेऊन, दोन्ही हातांनी.

ओबेदने या वेळी आधी दाराची चौकट धरली.

"मॅडम, कालचं अजून..."

"लाजू नकोस रे."

त्या दिवशी केबिनमध्ये केवड्यासारख्या पांडानच्या पात्यांचा विणलेला हातपंखा आला, लाकडी फणी आली, आणि डेससाठी फुलाफुलांचा शर्ट आला. शर्ट धुतलेला होता, इस्त्रीचा होता, आणि कॉलरवर आतून 'ओबेद' असं शिवलेलं होतं.

"ग्लेनिस, हा त्याचा स्वतःचा शर्ट आहे."

"तुला शोभतो."

"खांद्यात ढगळ होतो," डेस म्हणाला. पण त्याने तो काढला नाही.

नोलीन साखर मागायला आली आणि दारातच थांबली. कासवाच्या जागी आता टॉवेलचं मगरीचं जोडपं होतं.

"माझ्याकडे तर हत्तीच आहे," ती हळूच म्हणाली. "त्याला एकच कान आहे. काय केलंस तरी काय?"

"हातात दिलं," ग्लेनिस म्हणाली. "नाव घेऊन."

आयुष्यात नोलीनने पहिल्यांदाच तिच्याकडे शिकायच्या नजरेने पाहिलं. त्या आनंदात, लुगनविलच्या आदल्या दिवशी, ग्लेनिसने तिसरं पाकीट दिलं.

ओबेदने पाकीट छातीशी धरलं, खिडकीतून क्षितिजाकडे पाहिलं, आणि मग विचारलं, "मॅडम, उद्या तुम्ही खाली उतरणार ना?"

"उतरू की."

"नक्की उतरा. कृपा करून उतराच." आणि फोनला रेंज कुठे येते ते शोधत तो डेकच्या टोकाकडे जवळजवळ धावत गेला.

दुसऱ्या दिवशी जहाज धक्क्याला लागलं. ग्लेनिस पांढरी पँट घालून जिना उतरली. खाली एक कुटुंब उभं होतं. कुटुंब म्हणजे काका, काकू, चुलत भाऊ, त्यांच्या बायका, आणि सगळ्यांच्या पुढे फुलांच्या झग्यातली एक भक्कम बाई, जिच्या काखेत डुकराचं पिल्लू होतं. त्यांच्या पायाशी चटयांची चळत होती, सुरणाएवढाले कंद होते, आणि दोरीने पाय बांधलेला एक कोंबडा होता. तोही ग्लेनिसचीच वाट बघत असल्यासारखा दिसत होता.

"तुम्हीच त्या," बाई म्हणाली. "मी एस्तेर. ओबेदची मावशी. ताई, तुम्ही आमच्या पोराला फार दमवलंत."

"मी?"

"दोन दिवस फोन करतोय. 'मावशी, एक बाई मला देतेय. मी परत दिलं की आणखी देतेय. थांबतच नाहीये.' आता जहाजावर त्याच्याजवळ परत द्यायला असणार काय? टॉवेल!"

मागच्या चुलत्यांनी माना डोलावल्या. शर्टाचा विषय कुणी काढला नाही, पण सगळ्यांनी डेसकडे पाहिलं.

"पण ती टिप होती," ग्लेनिस म्हणाली. "ती परत करायची नसते. आणि जहाजावर टिप तर सगळेच देतात."

"कंपनी पगारात घालते ते वेगळं, मॅडम," ओबेद खालमानेने म्हणाला. तो गणवेशातच धावत खाली आला होता. "लोक निघून जाताना उशीखाली ठेवतात तेही वेगळं. ते गेलेले असतात, मग मी कुणाला काय देणार? पण तुम्ही हातात दिलंत. नाव सांगून दिलंत. आणि पहिल्याच दिवशी दिलंत, म्हणजे अख्खी सफर शिल्लक."

म्हणजे अभ्यास करून निवडलेली एक न् एक गोष्ट नेमकी उलटी पडली होती.

"द्यायचं आणि परत घ्यायचं नाही, ही काय रीत?" एस्तेरने कुतूहलाने विचारलं. "मग त्या माणसाशी पुन्हा संबंध कसा येणार?"

ग्लेनिसच्या डोळ्यांनी तोवर जुन्या सवयीने काम सुरू केलं होतं. कंदांना माती. चटईच्या काठाला बी. कोंबडा, म्हणजे पिसं आणि त्यात काय काय. डुक्कर. डुकराच्या पुढे तर तिला विचारही करवेना. यातलं जवळजवळ काहीच ब्रिस्बेनच्या पिवळ्या पिंपाच्या पलीकडे गेलं नसतं. नाही म्हणणं हे तिला जगात सगळ्यात चांगलं येत होतं. दोन वाक्यं, सौम्य आवाज, आणि समोरचे हात रिकामे.

"मॅडम," ओबेद पुटपुटला, "नाही म्हणू नका. इथे मला सगळे ओळखतात. पाहुणीकडून घेतलं आणि काही दिलं नाही, असं माझं नाव होईल."

वर कठड्याशी अर्धं जहाज गोळा झालं होतं. नोलीन फोनवर चित्रीकरण करत होती.

ग्लेनिसने दोन्ही हात पुढे केले.

पिल्लू जड होतं, गरम होतं, आणि त्याला नवीन माणसं आवडत नव्हती. त्याने ते पांढऱ्या पँटवर ताबडतोब आणि सविस्तर नोंदवलं. चुलत्यांनी टाळ्या वाजवल्या. ओबेदच्या खांद्यावरून जहाज उतरल्यासारखं त्याचं तोंड झालं.

"मॅडम, ते वर नेता येणार नाही," जिन्यापाशी उभा असलेला जहाजाचा अधिकारी घाबरत म्हणाला.

"मला सांगतोस?" ग्लेनिस म्हणाली. "तो नियम सांगण्यात माझी नोकरी संपली." मग ती एस्तेरकडे वळली. "हे माझं आहे ना आता?"

"तुमचंच."

"मग ते तुमच्याकडे राहील. माझं म्हणून. आणि हे कंद आपण आत्ताच सगळे मिळून खाऊ."

एस्तेरने थोडा विचार केला आणि मान हलवली. तिला हे पटलेलं दिसलं. तसं ग्लेनिसलाही स्वतःचं आश्चर्य वाटलं. काहीही पिंपात न टाकता तिने एक अख्खं प्रकरण मिटवलं होतं.

जेवण एस्तेरच्या अंगणात झालं. किसलेला कंद नारळाच्या दुधात कालवून, पानांत गुंडाळून तापलेल्या दगडांवर भाजला होता. लापलाप म्हणतात त्याला. डेसने तीनदा वाढून घेतला. नोलीनही वास काढत आली होती आणि कुणीही न विचारता तिला पान वाढलं गेलं. कोंबड्याला ग्लेनिसने अभय दिलं होतं, आणि तो तिच्या पायाशी फिरत होता.

"आता फिटलं," ओबेद म्हणाला. तो पहिल्यांदाच हसत होता. "मॅडम, खरं सांगू? तुमच्या केबिनचं दार वाजवायची मला धास्ती वाटायची."

"म्हणून इतक्या हळू वाजवायचास?"

"मला वाटायचं, न ऐकू आलं तर बरं."

ग्लेनिसही हसली. ती अगदी निवांत होती, आणि निवांत असली की तिला कल्पना सुचतात. पिल्लू तिचं. पिल्लाला खायला लागणार. तो भार एस्तेरवर का? ही टिप नव्हे, हा तर सरळ खर्च. डेस हात धुवायला गेला होता, नाहीतर पुढचं टळलं असतं.

"एस्तेर," ती उठून म्हणाली आणि तिने पर्समधलं शेवटचं पाकीट दोन्ही हातांनी तिच्या हातात ठेवलं. "हे माझ्याकडून. पिल्लाच्या खाण्यासाठी."

ओबेदने डोळे मिटले. कोंबडा काय ते समजून घराच्या मागे निघून गेला.

एस्तेरने पाकिटाकडे पाहिलं, मग ग्लेनिसकडे, आणि मग दीर्घ श्वास घेतला.

"ओबेद," ती म्हणाली, "मागचं फाटक उघड. मोठी घेऊन ये."

ब्रिस्बेनला उतरल्यावर तपासणीच्या टेबलाशी तमारा उभी होती. ग्लेनिसनेच तिला शिकवलं होतं. तमारा चेहऱ्याकडे न बघता पिशवीच्या कोपऱ्याकडे बघत होती, आणि ते पाहून ग्लेनिसला बरं वाटलं. चटई, पंखा आणि फणी तिने स्वतःच पुढे मांडली. चटईतलं बी तिने जहाजावरच चिमट्याने काढलं होतं.

"नियमाप्रमाणे विचारावं लागतं हं," तमारा ओशाळून म्हणाली. "तिकडे गुराढोरांशी काही संपर्क?"

"हो."

तमाराने पहिल्यांदा मान वर केली. "कुठली जनावरं?"

"डुकरं."

"कुणाची?"

"माझी," ग्लेनिस म्हणाली. "दोन आहेत. मोठी गाभण आहे."

मागे नोलीनला ठसका लागला. तिच्या पिशवीत एका कानाचा हत्ती होता, आणि त्याबद्दल तिला कुणी काहीच विचारलं नाही.

तमाराने ग्लेनिसचे बूट काढून घेतले आणि माती धुवायला आत नेले. ग्लेनिस मोजे घालून गार फरशीवर उभी राहिली. इतकी वर्षं ती टेबलाच्या त्या बाजूला होती, इथली फरशी इतकी गार असते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. थोड्या वेळाने तमारा बूट घेऊन आली. तळ घासून लख्ख केले होते, आणि कुणी सांगितलं नसताना वरून पॉलिशसुद्धा.

"किती गं छान केलेस," ग्लेनिस म्हणाली, आणि तिचा हात पर्सकडे गेला.

"ग्लेनिस," डेस म्हणाला. त्याच्या अंगात अजून तो फुलाफुलांचा शर्ट होता. "बूट घाल. चल."