हिरूकाकीची राईची उशी

आमच्या चाळीत कुणी आजारी पडलं की दोघं हमखास येतात. एक डॉक्टर, दुसरी हिरूकाकी. डॉक्टर नाडी बघतो, काकी बाही बघते. खाटेजवळ उकिडवी बसते, आजाऱ्याच्या सदऱ्याची बाही दोन बोटांत धरून चोळते आणि म्हणते, "कापड चांगला हाय. टाकू नुको हां."

झालं! माणूस अर्धा तिथंच संपतो.

काकी मूळची अंबाडीकडची. जन्मभर भिवंडीत लूमच्या कारखान्यात कांड्या भरल्या. काम सुटलं, पण बोटं काही गप्प बसेनात. चाळीत बाळ बारा दिवसांचं झालं की काकीची राईची उशी हजर. हातशिलाईची, ठिगळाठिगळांची, वीतभर. आता भिवंडीत चिंध्यांना काय तोटा? दारोदार पोती पडलीत. पण कोरी चिंधी काकीला चालत नाही. "त्येच्यात कोन न्हाय," म्हणते. तिला माणसानं घातलेलं कापड हवं. आणि तो माणूस गेलेला हवा.

उशी देताना ती बाळाला ओळखी करून देते. "ह्यो निला तुजा आजा. ही पिवली नमूआत्या. हिच्यावर तोंडातली लाल गालू नुको, रागावते."

हसू नका. शेजारच्या सलमाभाभींची नात उशीच्या एकाच हिरव्या चौकडीवर गाल टेकून झोपायची. उशी फिरवून ठेवली, तर पोर झोपेतच वळवळत पुन्हा त्या चौकडीवर. ती चौकडी तिच्या आजोबांच्या लुंगीची. ते नात व्हायच्या आधीच गेलेले. भाभी घाबरून काकीकडे आल्या. "काकी, क्या भर दिया इसमें?"

"राई," काकी म्हणाली.

मागच्या थंडीत आमच्या अण्णांना न्यूमोनिया झाला. मी वडपे गावच्या गोदामातली शिफ्ट संपवून घरी आलो, बघतो तर काकीच्या एका हातात अण्णांची बाही अन् दुसऱ्या हातात कात्री! अण्णांचा डोळा लागलेला. माझं टाळकंच सटकलं. "माणूस जिवंत आहे अजून! चालती हो इथून!" सगळी चाळ दारात गोळा झाली. काकीनं कात्री पदराखाली घेतली आणि निघून गेली.

अण्णा वाचले. उठून बसल्यावर पहिलं विचारलं, "हिरू का येत नाही रे?"

मी मोठ्या फुशारकीनं सगळं सांगितलं.

"गाढवा, मीच बोलावलं होतं तिला! सूनबाईला पाचवा महिना. नातवंड बघायला मी राहतो की नाही, कुणास ठाऊक. म्हटलं, निदान बाही तरी असू दे त्याच्या उशाला."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तसाच उठून काकीच्या खोलीवर गेलो. दिवेलागणीची वेळ. काकी पत्र्याच्या डब्यात हात घालून कुणाशी तरी बोलत होती. "सदू, सरक जरा. नमे, तू बी. जागा द्या."

अंगावर सरसरून काटा आला. डब्यात नुसत्या चिंध्या.

"काकी, चुकलो मी," म्हटलं. "जागा कुणासाठी करतेस?"

"मना, माज्यासाठी," म्हणाली, आणि मूठ उघडली. मुठीत हिरव्या लुगड्याचा तुकडा होता. अंगावरच्या पदराचा कोपरा कापलेला.

"काय अभद्र बोलतेस! चांगली धडधाकट आहेस की."

"सगल्यांचा मी मागत फिरते. मी गेली की माजा कोन मागल? ना पोर, ना बाल. म्हनून मीच कापून ठेवला." मग हळूच म्हणाली, "पन शिवल कोन?"

मी म्हटलं, "आमच्या बाळाच्या उशीत घालू, अण्णांच्या बाहीशेजारी. मी शिवतो. पण काकी, मला साधी सुई धरता येत नाही गं."

काकीनं आपली सुई माझ्या हातात दिली, दोन चिंध्या जुळवून पुढ्यात ठेवल्या आणि सरकून मला शेजारी जागा केली.

"सावकाश शीक," म्हणाली. "तवर मी हाय."

पहिलाच टाका मी मुद्दाम वाकडा घातला.