वरीलप्रमाणे

वहिनींनी अर्ज उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला आणि टेबलावर आपटून विचारलं, "तीन नावं कशाला हवीत यांना? दुकान एक, मशीन एक, मी एक."

मास्तरांनी, म्हणजे वहिनींच्या यजमानांनी, चष्मा काढून पुसला. तीस वर्षं शाळेत सुलेखन शिकवून ते निवृत्त झाले होते. दुसऱ्याचं वाक्य फळ्यावर मोत्यासारखं लिहायचे, पण स्वतःचं वाक्य बोलायची वेळ आली की आधी चष्मा पुसायला घ्यायचे. "अगं, पसंतीक्रम असतो तो. पहिलं नाव नाही मिळालं तर दुसरं, तेही नाही तर तिसरं."

"मला पहिलंच हवंय."

"पण रकाने मोकळे ठेवले तर अर्ज परत येतो."

"मग तेच तीनदा लिहिते."

"उगाच हात कशाला दुखवतेस? खाली 'वरीलप्रमाणे' लिही. सरकारला कळतं."

मास्तरांचा सबंध जन्म याच शब्दावर निभावला होता. सध्याचा पत्ता एकदा लिहायचा आणि कायमच्या पत्त्यापुढे 'वरीलप्रमाणे' ठोकून द्यायचं. सरकारने कधी हूं की चूं केलं नव्हतं. तेव्हा वहिनींनी पहिल्या रकान्यात ठसठशीत अक्षरात 'चेनवाल्या वहिनी' लिहिलं, उरलेल्या दोहोंत 'वरीलप्रमाणे', आणि खाली सही इतक्या जोरात केली की ती टेबलावरही उमटली.

या हट्टामागे अठरा वर्षं होती. एवढी वर्षं वहिनी धाकट्या दिराच्या 'बंधू बॅग हाऊस'मध्ये मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात मशीनवर बसत. चेन अडकलेली बॅग, पट्टा तुटलेली पर्स, हँडल हातात आलेली सुटकेस घेऊन लोक यायचे ते पुढे बसलेल्या भाऊजींना ओलांडून थेट मागे जायचे. "चेनवाल्या वहिनी आहेत ना?" एवढंच भाऊजींच्या वाट्याला. बोर्डावर मात्र 'बंधू'. त्यातले एक बंधू खुर्चीवर, दुसरे बंधू शाळेत आणि पक्कड वहिनींच्या हातात.

मग एके दिवशी कुणा नव्या गिऱ्हाइकाने विचारलं, "मागे त्या कोण?" भाऊजींनी वर न बघता सांगितलं, "त्या होय? माझ्या हाताखाली असतात."

वहिनींनी हातातली पर्स पुरी केली. चेन तीनदा उघडझाप करून पाहिली. मग पक्कड पिशवीत टाकून त्या पुढे आल्या.

"कुठे निघालात, वहिनी?" भाऊजींनी विचारलं.

"हाताखालून."

तेव्हापासून एकच ध्यास होता. स्वतःचं दुकान आणि वर स्वतःचं नाव, ज्याच्यावर दुसऱ्या कुणाचं नाव नाही. दुसऱ्या रस्त्याला एका दुमजली इमारतीत तळमजल्यावरची बोळवजा खोली त्यांनी घेतली. मशीन बसलं, स्टूल बसलं, आणि वहिनी तिरक्या होऊन का होईना, पण त्याही बसल्या.

पंधरा दिवसांनी नोंदणीचा दाखला आला. 'व्यवसायाचे नाव' याच्यापुढे सुबक टाइपात छापलं होतं: वरीलप्रमाणे. वर काय आहे ते वहिनींनी पाहिलं. वर कार्यालयाचा गोल शिक्का होता.

नोंदणी कार्यालयाच्या खिडकीत बसलेला कारकून हा हाडाचा सभ्य माणूस. अन्यायसुद्धा तो फार अदबीने करायचा.

"बाई, तुमचं पहिलं नाव नामंजूर झालं. चेन हा माल झाला, वहिनी हे नातं झालं. नाव कुठे आहे त्यात?"

"आणि हे नाव आहे?"

"सबंध नोंदवहीत असं दुसरं नाही. साहेबांनी सही करताना कौतुक केलं."

"अहो, वरीलप्रमाणे म्हणजे वर लिहिलंय तसं."

"असेल. आम्ही अर्थ बघत नाही. आधी कुणी घेतलंय का, तेवढं बघतो."

"चूक माझी आहे," मागून मास्तर म्हणाले. "मीच तिला तसं..."

"नाव तुम्ही ठेवलंत, आणि आता नावं आम्हाला ठेवताय?" कारकून मऊ आवाजात म्हणाला. "नव्वद दिवसांनी बदलता येईल. तोवर मंजूर नावाचा बोर्ड दुकानावर हवा. दोन हात लांब, एक हात रुंद. बोर्ड नसला तर दाखला रद्द, आणि वर्षभर नवा अर्ज नाही."

रांगेतले लोक तोंडावर हात ठेवून हसत होते. वहिनींनी सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं. हसणाऱ्यांपैकी एकाच्या बॅगची चेन अर्धवट उघडी होती, तिकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"लावते," त्या म्हणाल्या. "असा लावते की तुमच्या साहेबांना खुर्चीतून दिसेल."

मास्तरांनी प्रायश्चित्त म्हणून बोर्ड रंगवला. तीस वर्षांची सगळी विद्या त्यांनी त्या सहा अक्षरांत ओतली. 'री'ची वेलांटी तर अशी काढली की रस्त्याने जाणारा माणूस तिच्याखाली क्षणभर सावलीला थांबे. अडचण एवढीच होती की बोर्ड लावायला जागा एकाच ठिकाणी होती, वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांच्या पाटीखाली. आता रस्त्यावरून वाचलं की असं दिसे:

'दातांचा दवाखाना. दात काढणे, बसवणे, साफ करणे.'

आणि त्याखाली, दुप्पट मोठ्या अक्षरात: 'वरीलप्रमाणे.'

तिसऱ्या दिवशी सकाळी एक गृहस्थ आले. गालाला मफलर, काखेत बॅग. स्टुलावर बसून त्यांनी बॅग मांडीवर घेतली. वहिनींची चेहऱ्याकडे बघायची सवयच मोडली होती. त्या बॅगकडे बघूनच माणूस ओळखायच्या.

"दात गेलेत," गृहस्थ मफलरमधून म्हणाले.

"किती?"

"दोन. तिसरा हलतोय."

"मधले की कडेचे?"

"कडेचे."

"म्हणजे ओढाताण केली असणार. किती दिवस हे असंच रेटताय?"

"आठवडा झाला."

"लोक पार वाट लागेपर्यंत येतच नाहीत," वहिनी म्हणाल्या. "हे बघा, दोन दात गेले की मी एकेक बसवत नाही. टिकत नाहीत. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी काढते आणि नवी टाकते."

"सगळी?" गृहस्थांच्या डोळ्यांपुढे सबंध बत्तिशी उभी राहिली.

"जुनी उसवायला कितीसा वेळ? नवी प्लास्टिकची टाकू की पितळेची?"

"पितळेची?"

"पितळेची जन्माला पुरते. जरा खडखडते, पण चारचौघांत उठून दिसते. चला, उघडा बघू. आतून बघू दे."

गृहस्थांनी तोंड उघडलं. वहिनींनी एका हातात पक्कड घेतली, दुसऱ्या हातात मेणबत्ती. चेनला मेण घासलं की ती लोण्यासारखी सरकते, हे या धंद्यातलं साधं गुपित आहे. पण ते मफलरवाल्या माणसाला कुठून ठाऊक असणार? ते बॅग टाकून पळाले. दुखणारा जबडा घेऊन माणूस इतका वेगात जिने चढू शकतो, हे डॉक्टरांनाही त्या दिवशी प्रथमच कळलं.

दुपारपर्यंत आणखी चौघे येऊन गेले. उलट दिशेचीही वाहतूक होतीच. संध्याकाळी डॉक्टर स्वतः खाली उतरले.

"हा बोर्ड काढा, वहिनी."

"सरकारी आहे. काढला तर दाखला जातो."

"माझे पेशंट पळताहेत हो. खाली एक बाई पितळेचे दात बसवतात, अशी आवई उठलीय."

"आणि माझं गिऱ्हाईक तुम्ही पळवताय त्याचं काय? त्या आजीबाई पर्स घेऊन वर आल्या, तर तुम्ही त्यांना खुर्चीत आडवं करून चूळ भरायला लावलीत."

"मला वाटलं, त्यांना बोलायला लाज वाटतेय."

"मग पर्स कुणाची दुखतेय ते तरी विचारायचं."

डॉक्टर शिकलेले होते. शिकलेला माणूस भांडत नाही, खुलासा करतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या पाटीखाली एक ओळ वाढवून घेतली: 'खालील दुकानाशी आमचा संबंध नाही.'

त्याखाली होतंच: 'वरीलप्रमाणे.'

दिवसभर अख्खा रस्ता हे मोठ्याने वाचत होता. "वहिनी, तुमचा तुमच्याच दुकानाशी संबंध नाही म्हणे?" ज्याला काही काम नव्हतं तोही विचारायला आत येई, आणि आत आला की त्याच्या बॅगला काही ना काही झालेलं असेच. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी हात टेकले आणि पाटी काढून इमारतीच्या बाजूला, जिन्याच्या तोंडाशी नेली.

वहिनींच्या बोर्डावरची भिंत मोकळी झाली. नावाची ख्याती मात्र इतकी पसरली होती की शेजारच्या गावची माणसं धडधाकट चेना मुद्दाम तोडून आणत, असं मास्तर सांगायचे. 'बंधू बॅग हाऊस'मध्ये भाऊजींना आता ओलांडायलासुद्धा कुणी येईना.

ऐंशीव्या दिवशी वहिनींनी सकाळी येऊन पाहिलं, तर मोकळ्या भिंतीवर कोरा करकरीत बोर्ड झळकत होता: 'बंधू बॅग हाऊस.' आणि त्याखाली अर्थातच: 'वरीलप्रमाणे.'

पहिलंच गिऱ्हाईक आलं ते तोंडभर हसत. "बरं केलंत, वहिनी. परत दिरांच्याच हाताखाली. घर एक राहिलेलं बरं असतं."

वहिनींनी त्याची बॅग हातात घेतली. पण चेन लावताना त्यांचा हात टोकाशी थांबला नाही आणि सरकणी निसटून खाली पडली. अठरा वर्षांत असं झालं नव्हतं.

थोड्या वेळाने भाऊजी आले आणि रस्त्यात उभे राहून, मान तिरकी करून दोन्ही बोर्ड न्याहाळू लागले.

"काढा ते," वहिनी म्हणाल्या.

"भिंत मालकाची आहे, मी रीतसर घेतलीय. आणि मी कुठे काय म्हणतोय? माझ्या बोर्डावर माझं नाव आहे. वरच्यासारखं आहे, असं तुम्हीच लिहून ठेवलंय."

"दहा दिवसांनी नाव बदलते."

"बदला की. वर मी आहेच."

मास्तरांनी चष्मा काढला. या खेपेला पुसला नाही, नुसताच हातात धरला. "धाकट्या, त्या बंधूंतला एक मी आहे ना?"

"मग? तूच रंगवला होतास जुना बोर्ड."

"माझ्या वाट्याचं अर्धं आत्ताच्या आत्ता पुसतो. उरेल ते तू वाचत बस."

वहिनींनी नवऱ्याकडे वळून पाहिलं. इतकं ठाम वाक्य त्यांनी मास्तरांच्या तोंडून लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं होतं. "पुसू नका," त्या म्हणाल्या. "शिडी आणा."

दाखल्याच्या मागे छापलेला नियम त्यांनी पुन्हा वाचला होता. बोर्ड किती लांब, ते त्यात होतं. किती रुंद, तेही होतं. मालकाला विचारलं तर तो म्हणाला, "गच्ची आजवर कुणी मागितलीच नव्हती." दुपारपर्यंत मास्तर खालून शिडी धरून उभे, आणि वहिनी वर. दोन्ही मजले, डॉक्टरांची खिडकी, भाऊजींचा बोर्ड, सगळं खाली टाकून त्यांनी गच्चीच्या कठड्यावर आपला बोर्ड खिळे मारून पक्का केला.

भाऊजींनी तक्रार केली नसती तर ते भाऊजी कसले? नव्वदाव्या दिवशी सभ्य कारकून मोजपट्टी घेऊन हजर झाला. गच्चीवर जाऊन त्याने बोर्ड मोजला. भरला बरोबर.

"अहो, पण हा दुकानावर नाहीच," भाऊजी खालून म्हणाले. "नियमात काय लिहिलंय? बोर्ड दुकानावर हवा."

कारकुनाने खाली येऊन नियम दोनदा वाचला. "दुकानाच्या वर आहे ना? मग दुकानावरच आहे. किती वर, ते लिहिलेलं नाही." मग अदबीने वळून त्याने विचारलं, "आणि आपला दाखला?"

"माझा? अठरा वर्षांचं दुकान आहे माझं. मला कशाला हवा?"

कारकुनाने पिशवीतून एक कोरा अर्ज काढून भाऊजींच्या हातात दिला. तो हिरमुसून वाचत भाऊजी पायरीवर बसले आणि पुटपुटले, "तीन नावं कशाला हवीत यांना?"

मास्तर काही सुचवायला पुढे झाले होते. वहिनींनी त्यांना डोळ्यांनीच मागे ओढलं.

"बाई, तुमचे नव्वद दिवस भरले," कारकुनाने दुसरा अर्ज पुढे केला. "नाव बदलायचं होतं ना? बोला, काय लिहू?"

वहिनींनी अर्ज हातात घेतला नाही. "बाहेर जाऊन बघा. माझ्या बोर्डाच्या वर काय आहे?"

कारकून रस्त्यात गेला, डोळ्यांवर हात आडवा धरून त्याने मान पार मागे टाकली आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. "वर तर काहीच नाही, बाई."

"कुणीच नाही," वहिनींनी दुरुस्ती केली, आणि पुढची बॅग जवळ ओढली.